जंगलाची रंगीत तालीम

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट खात्री करून घेतल्याशिवाय केलेली नाही. लग्नसुद्धा. मला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर ह्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "मुलीला पुण्याचं पाणी मानवेल का?" वडील काही बोलायच्या आत ह्यांनी पिशवीतून पुण्याच्या पाण्याची बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मी प्यायले. मानवलं. त्याला आता चाळीस वर्षं होतील.

त्यामुळे लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलांनी जंगलातल्या भारी लॉजचा मुक्काम भेट द्यायचं ठरवलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आधी जंगल पुण्यात आमच्या धायरीत येणार होतं आणि मग आम्ही जंगलात जाणार होतो. गेलोच तर.

मला जायचं होतं. हे आधीच सरळ सांगून टाकते, म्हणजे पुढं मी चिडले तर का चिडले ते कळेल. माझे वडील वनरक्षक होते. चंद्रपूरच्या पलीकडं, जंगलातल्या क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले. चितळ कुठून ओरडलं त्यावरून वाघ कुठं चाललाय ते आई चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची. लग्न होऊन पुण्याला आले, मग आई-वडील गेले, क्वार्टरही पडलं, आणि तिकडं जायला काही निमित्तच उरलं नाही. पुणं बोलतं फार, पण कान देऊन ऐकावं असं त्यात फारसं नसतं. आता त्याच जंगलाच्या आत लॉज झालं होतं. माझे गुडघे अजून जीपमध्ये चढू देतात, पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही. मार्चमध्ये मोह फुलतो तेव्हा मला तिथं जाऊन बसायचं होतं, आणि ह्यांना शेजारी घेऊन बसायचं होतं.

ह्यांचं नाव ज्ञानदेव. पुण्याजवळ मांजरी गावी उसाच्या संशोधनात सगळी नोकरी झाली. उसावरच्या किडी हा ह्यांचा विषय, आणि शंका हा स्वभाव. आता निवृत्त झाल्यामुळे किडी गेल्या, स्वभाव तेवढा राहिला.

मुक्कामाची आखणी मिसबाकडं होती. मिसबा आमच्या मुलीची, अपेक्षाची, कॉलेजातली मैत्रीण. धनवान लोकांना आडरानात नेऊन ऐषारामात ठेवायचं, हा तिचा व्यवसाय. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे. जिन्यात घरमालकांनी पाटी लावली आहे, 'प्रवास कंपनी वर आहे. खाली चौकशी करू नये. आम्ही कुठेही जात नाही.' ह्यांनी ती पाटी थांबून दोनदा वाचली आणि म्हणाले, "समजूतदार माणूस दिसतोय."

मिसबानं लॅपटॉप आमच्याकडं वळवला. दोन लॉज होती. पहिलं नदीच्या काठावर, तिथं तंबू, पण तंबूत पलंग, गालिचे आणि चक्क न्हाणीचा टब. दुसरं आत बांबूच्या वनात, मोजक्याच झोपड्या, आणि मोबाईलला अजिबात रेंज नाही.

"इथं ना काका, टबमध्ये बसल्या बसल्या रानगवे दिसतात. टोटल प्रायव्हसी," मिसबा म्हणाली.

"आणि रानगव्यांना आम्ही दिसतो?"

"अं... थोडे दिसाल."

"मग प्रायव्हसी कुठली? तंबूला कुलूप असतं?"

"चेन असते, काका."

"ती बाहेरून कोण उघडू शकतं?"

मिसबा प्रामाणिक मुलगी. तिनं विचार केला आणि म्हणाली, "माकडं."

असं बराच वेळ चाललं. एकच प्रश्न दोनदा विचारायची ह्यांची पद्धत आहे. दुसऱ्यांदा उत्तर बदलतं का, ते बघायचं असतं असं मी समजत आले. मिसबानंही न कंटाळता सगळं दोनदा सांगितलं. शेवटी ती माझ्याकडं वळून म्हणाली, "काकू, फक्त एक. टायगर दिसेलच याची गॅरंटी मी देत नाही हं."

"नाही दिसला तरी चालेल गं," मी म्हटलं. "जंगल बघायचं नसतं, ऐकायचं असतं. ज्याला ऐकता येत नाही त्यानं प्राणिसंग्रहालयात जावं."

मला हे वाक्य फार आवडलं. मिसबालाही आवडलं, तिनं ते लगेच फोनमध्ये लिहून घेतलं. हे मात्र एकदम गप्प झाले. पुढचा प्रश्न शोधत असतील, असं मला वाटलं. पण पुढचा प्रश्न आलाच नाही. ह्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

पुण्यात या वाक्याचा अर्थ काय होतो हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे.

पैसे मुलांचे असल्यामुळे ह्यांचा हुकमी आक्षेप आधीच बाद झाला होता. मग रोज नवा निघू लागला. तिकडं ऊन फार. तिकडं डास फार. जिथं तुझे वडील सरकारी पगारावर राहिले तिथं आपण गालिच्यावर राहायचं, हे बरं दिसतं का? जीपमध्ये कंबर धरली तर? मी एकेक शंका खोडत होते आणि हे नवी काढत होते. इकडं मिसबाचे फोन सुरू झाले, "काकू, बांबूवाली एकच हट उरलीये. मी रविवारपर्यंत होल्ड करून घेतलीये, त्यानंतर गेली म्हणून समजा. प्लीज काकांचं काहीतरी करा."

गुरुवारी जेवताना मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "एकदाच सांगा. यायचंय की नाही?"

ह्यांनी वरण-भात संपवला, हात धुतला आणि म्हणाले, "आपण आधी तालीम करून बघू."

"कसली तालीम?"

"मुक्कामाची. जमलं तर जाऊ. न करता हो म्हणायचं म्हणजे अंधारात उडी."

आता हसायचं की रडायचं, हे मला ठरवता येईना. पण नाहीपेक्षा तालीम बरी, म्हणून मी कबूल झाले.

शुक्रवारी संध्याकाळी ह्यांनी टीव्हीची वायर काढली, वायफाय बंद केलं आणि दोघांचे मोबाईल कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. "आता आपण रेंजच्या बाहेर," असं जाहीर झालं. मग जीपमध्ये बसायची तालीम. जीप नाही म्हणून आमची मारुती. ती पार्किंगमधून हलवायचीही नव्हती, कारण ह्यांच्या मते प्रश्न प्रवासाचा नसून बसण्याचा होता. सगळ्या काचा खाली करून, अंगावर शाल आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन आम्ही स्वतःच्याच बिल्डिंगखाली गाडीत बसून राहिलो. लॉजच्या माहितीपत्रात पिशवी आहे म्हणून पिशवी. वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, "साहेब, गाडी सुरू होत नाहीये का?" तिसऱ्यांदा शेजारच्या पूर्णिमाताई आल्या. त्यांनी काचेतून आत बघितलं, पिशवी बघितली, आणि काही न विचारता निघून गेल्या. ते जास्त लागलं.

समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी साखरपुड्याचा स्पीकर ठणाणा वाजत होता. हे सीटला टेकून समाधानानं म्हणाले, "किती शांत आहे, नाही?"

मला वाटलं, टोमणा आहे. चांगला होता म्हणून मी हसलेसुद्धा.

शनिवारी पहाटे सफारीची तालीम. आमच्या मागं टेकडी आहे. तिच्यावर चढून एका करवंदीच्या जाळीशेजारी आम्ही सतरंजी अंथरली. ह्यांनी खाकी शर्ट घातला होता, गळ्यात दुर्बीण होती, आणि मलाही खाकीसारखं काहीतरी घालायचा हुकूम होता. माझ्याकडं खाकी काही नाही, म्हणून अपेक्षाचा जुना ट्रेकिंगचा शर्ट साडीवर चढवला. फटफटायला लागलं होतं. खाली धायरीचे दिवे मालवत होते.

तेवढ्यात कोंडीराम शेरडं घेऊन वर आले. कोंडीराम इथले मूळचे. आमची सोसायटी उभी आहे ते कधीकाळी त्यांचं शेत होतं, त्यामुळे ते आमच्याकडं अजून पाहुण्यासारखंच बघतात.

"काय हरवलंय का वं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बघतोय," मी म्हटलं.

"काय हाय तिकडं?"

हे दुर्बिणीतून समोर बघत बसलेले. उत्तर नाही. खाकी कपडे, दुर्बीण आणि हे मौन बघून कोंडीरामांनी स्वतःचं उत्तर स्वतःच काढलं. "बिबट्या हाय व्हय?" असं पुटपुटत त्यांनी शेरडं वळवली आणि आल्या वाटेनं उतरले. सोसायटीच्या ग्रुपवर नाश्त्याच्या आत 'टेकडीवर बिबट्या, मुलांना सोडू नये' असा निरोप फिरला होता, असं नंतर कळलं. आमचे मोबाईल कपाटात होते म्हणून आम्ही तेवढे सुखात राहिलो.

कोंडीराम गेले आणि मागच्या माळावरून टिटवी उठली. टिटवी कशी ओरडते हे ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. अंगावर चाल करून आल्यासारखी ती आमच्या डोक्यावरून ओरडत गेली, वळली आणि पुन्हा आली. मी इतकी हरखले! वळून ह्यांच्याकडं बघितलं. हे दुर्बीण लावून टेकडीखालच्या कालव्याच्या बाजूला टक लावून बसले होते. मान तसूभर हलली नव्हती.

"अहो, मागं बघा," मी हळूच म्हटलं. काही नाही.

मग माझ्या मनात जे आलं ते मला आवडलं नाही. म्हणून मी खात्री करून घ्यायचं ठरवलं. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकले होते. आवाज न चढवता, नेहमीच्या सुरात मी म्हटलं, "वन्संनी दिलेली पैठणी मी बोहारणीला घातली."

बहिणीच्या पैठणीवरून हा माणूस झोपेतूनसुद्धा उठून बसला असता. पण हे शांतपणे कालवा बघत राहिले, आणि मग मान हलवून म्हणाले, "छान. फारच छान."

 मी उठले, समोर जाऊन बसले आणि ह्यांच्या हातातली दुर्बीण खाली केली.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

हे माझ्या ओठांकडं बघत होते. आता लक्षात आलं, हल्ली नेहमीच बघायचे. मला उतारवयातलं प्रेम वाटायचं.

"डाव्यानं येतं, अगदी जवळ कुणी बोललं तर," हे म्हणाले. "उजवा दोन वर्षांपूर्वी गेला."

"डॉक्टरांकडं गेला होतात?"

"गेलो होतो. यंत्र लावा म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, विचार करून सांगतो."

खोटं कशाला बोलू, मला आधी राग आला. दोन वर्षं! या दोन वर्षांत मी ह्यांना काय एकेक टोमणे मारले होते. घासून पुसून, वेळ बघून मारलेले. हे उलटून बोलत नाहीत म्हणून मी पूर्णिमाताईंना कौतुकानं सांगितलंही होतं, की आमचे हे आता वयोमानानं फार समंजस झालेत. ते सगळे टोमणे त्या उजव्या कानाशी जाऊन वाया गेले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

ह्यांनी बराच वेळ दुर्बिणीची काच शर्टाला पुसली. ती स्वच्छच होती.

"सांगणार होतो. या मुक्कामाच्या निमित्तानं सांगूनच टाकावं असं मनात होतं. पण तू त्या पोरीसमोर म्हणालीस, जंगल ऐकायचं असतं. ज्याला ऐकता येत नाही त्यानं प्राणिसंग्रहालयात जावं."

मी सतरंजीवरची काडी उचलून फेकली.

"जीपमध्ये सगळी माणसं एकदम मान वळवणार," हे पुढं म्हणाले, "आणि मी एकटा उलटीकडं बघत बसणार. आत्ता बसलो होतो तसा. तिथला तो गाइड आधी हसणार, मग कीव करणार. तू अपेक्षाला घेऊन जा. तुला जायचंय हे मला कळतं गं. मी शंका काढत होतो त्या तुझ्या जाण्यावर नव्हत्या."

इतकं वाईट मला फार वर्षांत वाटलं नव्हतं. स्वतःचंच आवडतं वाक्य असं दुसऱ्याच्या तोंडून परत आलं, की त्याची धार कळते. मी ते किती ऐटीत म्हटलं होतं!

"मी एकटीनं ऐकून सांगू कुणाला?" मी जवळजवळ ओरडलेच. आता ओरडायला हरकत नव्हती. "मला तिथं कान घेऊन जायचेत म्हणून तुम्हाला नेते असं वाटलं का? चाळीस वर्षं मी तुम्हाला त्या जंगलाबद्दल सांगतेय, तिथं गेल्यावर नाही का सांगणार?"

 टेकडी उतरताना हे माझ्या उजवीकडून चालू लागले, म्हणजे चांगला कान माझ्या बाजूला आला. दिवसभर आम्ही त्या बंद टीव्हीच्या घरात बसून बोललो. मी बोलले आणि ह्यांनी विचारलं. टिटवी किती लांब होती? तुला दिशा कशी कळते? एका आवाजात आणि दुसऱ्यात फरक तो काय? मी सगळं दोनदा सांगितलं, आणि दोनदा का सांगतेय हे या वेळी मला माहीत होतं.

रविवारी पहाटे पुन्हा टेकडीवर गेलो. जायचं कारण दोघांनीही बोलून दाखवलं नाही. तांबडं फुटायच्या आधी, अगदी जवळून आवाज आला. चक, चक, चक, चकर्रर्र. मी ह्यांचं मनगट धरलं.

"रातवा," मी डाव्या कानात सांगितलं. "इथंच आहे, जमिनीवर. वाटेच्या वरच्या अंगाला."

"कसा असतो दिसायला?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं की मला ठाऊक नाही. त्या क्वार्टरच्या अंगणाबाहेर हा पक्षी रोज ओरडायचा, पण तो वाळक्या पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतो. बाबांनीही कधी दाखवला नव्हता. मी तसं सांगितलं.

ह्यांनी दुर्बीण लावली. उजाडत गेलं तसे हे वाटेच्या वरचा माळ वीत वीत करून बघत गेले. उसाच्या पानाआडची किडीची अंडी शोधण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना घाई नव्हती. मला मात्र थंडी वाजायला लागली.

"काही नाही, दगडच आहेत सगळे," मी म्हटलं.

"त्यातल्या एका दगडाला डोळा आहे," हे म्हणाले.

दुर्बीण माझ्या हातात आली. मला काही दिसेना. मग ह्यांनी मागून माझी मान दोन्ही हातांनी धरून हळूहळू वळवली. "पांढरा धोंडा दिसला? त्याच्या डावीकडं वाळकी काडी. काडीच्या खाली बघ. घाई करू नकोस." मी बघत राहिले, आणि तो दिसला. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, डोळा किलकिला करून बसलेला. लहानपणापासून ऐकत आलेला रातवा साठी ओलांडल्यावर धायरीच्या टेकडीवर मला पहिल्यांदा दिसत होता. डोळे भरून आल्यामुळे मग तोही दिसेना, आणि मी दुर्बीण परत दिली.

घरी आल्या आल्या ह्यांनी कपाट उघडून मोबाईल बाहेर काढला.

"तालीम संपली का?" मी चहा गाळता गाळता विचारलं. मग आठवण होऊन पुन्हा मोठ्यानं विचारलं.

"मध्यंतर आहे," म्हणून ह्यांनी मिसबाला फोन लावला. रविवारची सकाळ, ती झोपेतच असणार. "मिसबा, काका बोलतोय. ती बांबूतली झोपडी आमच्या नावावर पक्की कर. दोघांच्या."

पलीकडून मिसबा भराभरा काहीतरी बोलली. ह्यांनी फोन डाव्या कानाशी घट्ट दाबला. "काय?" ती पुन्हा बोलली. एरवी अशा वेळी हे 'इथं रेंज नाही' म्हणून फोन ठेवून द्यायचे. मी गाळणं हातात धरून थांबले.

"मला नीट ऐकू येत नाही, बाळ," हे म्हणाले. दार सताड उघडं होतं, जिन्यातून पूर्णिमाताई दूध घेऊन चालल्या होत्या, आणि हे सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होते. "उजव्या कानानं अजिबात येत नाही. तिथल्या लोकांना तसं सांगून ठेव. जीपमध्ये काकू माझ्या डाव्या हाताला बसेल. तिनं सांगितलेलं मला ऐकू येतं. आता तू काय म्हणालीस ते तिला सांग."

फोन माझ्या हातात आला. 

"काकू," मिसबा म्हणाली, "मी फक्त विचारत होते, जेवण तिखट चालेल का?"

चालेल, असं मला म्हणायचं होतं. पण मी तो प्रश्न ह्यांच्या डाव्या कानात सांगितला आणि फोन पुन्हा ह्यांच्याच हातात दिला.